काटा शून्यावर येईना

टक्.

बॉयलर बंद झाला, त्याचा तो आवाज. बाकी सगळं घर शांत होतं. पण तेवढ्यानंसुद्धा माझ्या तराजूचा काटा थरथरला, जरासा वर गेला, जरासा खाली आला आणि झोपेत कूस बदललेल्या बाळासारखा पुन्हा जागेवर येऊन थांबला. पलीकडच्या खोलीत निधी झोपली होती. खाली हॉलमध्ये सासूबाई सोफ्यावर कलंडल्या होत्या. क्रॉयडनच्या त्या घरात दुपारी जी शांतता मला मिळायची ती निधी उठेपर्यंतची, आणि निधी कधी उठणार हे निधीलाही ठाऊक नसायचं.

तेवढ्या चोरलेल्या वेळात बाकीच्या आया काय करतात मला माहीत नाही. कोणी ऑर्कुटवर जुन्या मैत्रिणी शोधतात, कोणी नुसत्या भिंतीकडे बघत बसतात. मी काडतुसं भरायचे.

दचकू नका. पोलिसांना सगळं माहीत होतं. त्यांनीच तर लायसन्स दिलं होतं. मी नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत होते आणि रायफल हातात घेतली की माझ्यासारखी मुलगी बटालियनमध्ये नाही, असं आमचे सुभेदार म्हणायचे. (बटालियनमध्ये मुली किती होत्या ते विचारू नका.) इंग्लंडला आल्यावर कळलं, की इथे गावोगावी रायफल क्लब असतात आणि रविवारी सभ्य माणसं गवतावर पालथी पडून लांबच्या कागदावर गोळ्या झाडतात, मग चहा पितात. मला दोन्ही गोष्टी आवडणाऱ्या. सुश्रुतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एवढंच वाटलं, की बाई जिमला गेली असती तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं.

बंदूक लोखंडी कपाटात, कपाट भिंतीला बोल्टनं आवळलेलं, पावडर आणि बाकी दारूगोळा वेगळ्या कुलपात. चावी फक्त माझ्याकडे. नवऱ्यालासुद्धा ती कुठे आहे ते सांगायचं नाही, असा कायदा. सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी त्यांना बजावून ठेवलं, "आई, त्या कपाटाला हात लावू नका, माझं लायसन्स जाईल आणि तुम्हाला पोलिस नेतील." त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की त्या खोलीत केर काढतानासुद्धा कपाटापासून हातभर लांब थांबायच्या आणि तिथला केर लांब दांड्यानं ओढून घ्यायच्या.

आता फुशारकी. खरं तर फुशारकीच सांगायला बसले आहे. घरी काडतुसं भरण्यात खरी कला एकच, प्रत्येक पुंगळीत पावडर अगदी सारखी पडली पाहिजे. सोनाराची गुंज तुम्हाला ठाऊक असेल. आमचा ग्रेन त्या गुंजेच्या साधारण निम्मा. आणि आम्ही बघतो त्या ग्रेनचा दहावा भाग. पावडर सारखी, तर गोळीचा वेग सारखा. जरा कमी-जास्त झाली तर जवळच्या टार्गेटवर कोणाला काही कळत नाही, पण सहाशे यार्डांवर एक गोळी वर जाते, एक खाली येते आणि सगळ्यांना सगळं कळतं.

या कामात मला हरवणारं अख्ख्या सरे परगण्यात कोणी नाही, असं माझं मत होतं. क्लबातले बाकीचे लोक गॅरेजमध्ये रेडिओ लावून पावडर मोजायचे. मी निधीच्या बाटलीतली दुधाची पावडर वर्षभर मोजलेली बाई. रडणारं मूल कमरेवर, डोळ्यांवर झोप, तरी चमच्यावरची पावडर सुरीच्या पाठीनं सपाट करूनच बाटलीत. ज्या हातांनी ते केलं, त्यांना रायफलचं काय? तीही तशीच हट्टी. पोट जरा कमी भरलं तरी तक्रार, जरा जास्त झालं तरी तक्रार.

आमच्या घरात सारखेपणाचं कौतुक असणारी मी एकटीच. सासूबाई सगळं अंदाजानं करतात. त्यामुळे त्यांची आमटी सोमवारी आळणी, मंगळवारी खारट, बुधवारी अप्रतिम. आणि बुधवारी काय वेगळं केलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. सुश्रुत त्याच आमटीवर वाढला, म्हणून तो बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्टर झाला, असं माझं म्हणणं.

त्या शरद ऋतूत आमच्या क्लबाची शेजारच्या क्लबाशी मॅच होती. टीममधल्या एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. क्लबाचा कॅप्टन मॅल्कम, निवृत्त डेंटिस्ट, मला म्हणाला, की त्याच्या जागी तू आहेस असं धरून चालायला हरकत नसावी. इंग्रज माणसाच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे ढोल वाजले असं समजायचं. मी त्याच संध्याकाळी कॉलिंग कार्ड खरवडून नागपूरला फोन लावला. आईनं रात्रीच्या आत कॉलनीत सांगून टाकलं, की कल्याणीला इंग्लंडनं बोलावलंय.

हसू नका. तुम्हाला एक खरं सांगते. निधी झाल्यापासून मी सगळीकडे 'निधीज मम' होते. नर्सरीत, डॉक्टरांच्या सर्जरीत, बागेतल्या झोपाळ्यापाशीसुद्धा. माझं नाव विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नसे. आणि त्या टीमच्या कागदावर सरळ कल्याणी लिहिणार होते. निधीवर माझा जीव आहे. झोपली की तिच्या कपाळावरचा घाम पुसत मी उगाच बसून राहते. तरी मला त्या कागदावर जायचं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं ते मला.

मॅचच्या आदल्या आठवड्यातल्या शनिवारी सराव होता. त्याच आठवड्यात नवरात्र संपलं, दसरा झाला, सुश्रुतच्या गाडीला सुपरमार्केटमधल्या शेवंतीचा हार घालून झाला. त्या गडबडीतही मी दुपारी बसून काडतुसं भरली आणि सरावाला गेले.

गोळ्या टार्गेटवर पडल्या, पण शिडीच्या पायऱ्यांसारख्या. डावी-उजवीकडे फारशी चूक नाही, नुसती एक वर, एक खाली. मॅल्कम दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिला. दात काढावा लागेल हे पेशंटला कसं सांगायचं, असा विचार करणाऱ्या डेंटिस्टसारखा. मग म्हणाला, की पावडर कमी-जास्त होतेय असं दिसतं. तू घरी जरा बघशील का? आणि पुढच्या रविवारी हे असंच असेल तर तू स्कोअर लिहायला बसलीस तर फार बरं होईल, तुझं अक्षर सुंदर आहे.

माझं अक्षर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

माझी पावडर कमी-जास्त? मॅल्कमनं माझ्या गळपट्ट्याला, चपलांना, नवऱ्याला नावं ठेवली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

सोमवारी निधी झोपली तशी मी तराजूपाशी बसले. आधी रिकामं पारडं ठेवून काटा शून्यावर आहे ना ते बघायचं असतं. नव्हता. सरावाआधी जिथे आणून ठेवला होता तिथून तो सरकला होता. मी स्क्रू फिरवून त्याला शून्यावर आणलं, काडतुसं भरायला घेतली, आणि थोड्या वेळानं सहज रिकामं पारडं पुन्हा ठेवून बघितलं तर काटा आता दुसऱ्या बाजूला. म्हणजे बसल्या बसल्या पारडं हलकं होत चाललं होतं. असं कसं होईल? पितळेला काय डाएटवर ठेवलंय?

वारा. नक्की वारा. हे तराजू म्हणजे नाकापुढं फुंकर घातली तरी रुसणारे. मी त्या खोलीची खिडकी चिकटपट्टीनं बंद केली. मग जिन्यातली. मग खालची. बॉयलरनं हवा हलते म्हणून हीटिंग बंद केलं. ऑक्टोबर महिना, लंडनजवळची थंडी. सासूबाई स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला सुश्रुतची कानटोपी अशा अवतारात चहा करत होत्या, आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी फक्त विचारलं, आज जमलं का गं. मी म्हटलं, नाही. त्यांनी हात जोडले, छताकडे बघितलं आणि कणीक भिजवायला घेतली.

मंगळवारी सकाळी काटा पुन्हा शून्यावरून सरकलेला. या वेळी आणखी.

आता सुश्रुत उतरला. त्याच्या ऑफिसात काही बिघडलं की सगळे मिळून मूळ कारण शोधतात, आणि मूळ कारण सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही. आमची पंचाईत अशी, की आम्ही घरीच होतो. त्यानं एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम घातला. पहिल्यांदा फ्रिज बंद केला, कारण त्याच्या मोटरची थरथर वरपर्यंत जात असणार. मग घरातले सगळे मोबाइल बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवले. मग मी मोजायला बसले की जिन्यावर कोणी चढायचं नाही. वॉशिंग मशीन लावायचं नाही. निधी जागी असेल तर तिनं स्टॅच्यू व्हायचं. ती बिचारी हॉलच्या मधोमध एक पाय वर करून उभी राहायची आणि दर थोड्या वेळानं कुजबुजत विचारायची, "आता हलू?"

फ्रिजमधलं दूध नासलं. सासूबाईंनी त्याचं पनीर केलं. दुसऱ्या दिवशीचंही नासलं, त्याचंही केलं. आम्ही तो आठवडा पनीरवर काढला. आणि रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, आज जमलं का. मी मान हलवायची. त्यांचा चेहरा माझ्याहून जास्त पडायचा.

बुधवारी निधीला नर्सरीत सोडून आले आणि तशीच वर गेले. काटा सरकलेला. आदल्या दिवशी ज्या बाजूला होता, त्याच बाजूला. हे सुश्रुतला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, की रोज एकाच दिशेनं सरकतोय याचा अर्थ एकच निघतो.

"काय?"

"घर खचतंय."

संध्याकाळी तो जमिनीचा उतार बघायची बबलवाली पट्टी घेऊनच आला आणि घरभर गुडघ्यांवर रांगला. निधी त्याच्या पाठीवर बसली. हॉल सपाट निघाला, जिना म्हणजे जिनाच, त्याबद्दल काही सांगता येईना. आणि तराजूच्या खोलीत बबल मधोमध आहे की किंचित डावीकडे, यावर आमचं इतकं वाजलं, की दोघंही नंतर पनीर न खाता झोपलो. सकाळी त्यानं घरमालकांना फोन केला.

आमचे घरमालक जयंतभाई. जन्म नैरोबीचा, बोली गुजराती, राग इंग्रजीतून, प्रेम हिंदीतून. घर खचतंय हे ऐकल्यावर ते शुक्रवारी, निधीला नर्सरीतून आणून मी तराजूपाशी बसते न बसते तोच हजर; सुश्रुतनं त्यासाठी सुट्टीच घेतली होती. त्यांनी दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबले. खिडक्यांना चिकटपट्ट्या. घरात बर्फासारखी थंडी. फ्रिज उघडा, आत काळोख. एक आजीबाई कानटोपी घालून पनीर चिरतायत. एक लहान मुलगी एका पायावर पुतळ्यासारखी उभी. त्यांनी सुश्रुतला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, की बेटा, नोकरी तो ठीक है ना?

सुश्रुतनं त्यांना वर आणलं. मी तराजू दाखवला, काटा दाखवला, रोज कसा एकीकडे सरकतो ते सांगितलं. जयंतभाईंनी खिशातून एक काचेची गोटी काढली. म्हणाले, की तीस वर्षं घरं घेतोय, सर्व्हेअर खोटं बोलेल पण गोटी नाही. गोटी जमिनीवर ठेवली. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. गोटी ढिम्म. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. ढिम्म. टेबलावर ठेवली. तिथेही ढिम्म. घर खचत नव्हतं. आमच्या तिघांमध्ये खचलेली मी एकटी.

मग ते टेबलाच्या पातळीला डोळा आणून बघायला म्हणून गुडघ्यांवर बसले, मान वाकडी केली, आणि एकदम उठून उभे राहिले. खोलीच्या दाराबाहेर गेले. बूट काढले. परत आत आले आणि तराजूला हात जोडले.

"बेन, पूजा की चीज है, पहले बोलना था ना. मैं जूता पहन के आ गया."

मी पारडं उचलून उलटं केलं.

खालून हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, त्यावर चिकटलेल्या अक्षता. कुंकू अजून ओलसर होतं. त्याच्या खाली आदल्या दिवशीचं वाळलेलं. त्याखाली त्याच्या आदल्या दिवशीचं. मुंबईतल्या रस्त्यावर डांबराचे थर चढतात तसे थर. आणि मी पारडं उचलून पुंगळीत रिकामं करायची तेव्हा दर वेळी त्यातलं थोडं झडत होतं. टेबलावर लाल पूड पडलेली मला रोज दिसत होती. मला वाटायचं, निधीचे खडू.

मी पारडं हातात घेऊन खाली आले. मागून सुश्रुत, त्याच्या मागून जयंतभाई मोज्यांवर.

"आई, हे काय आहे?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले. खंडेनवमी होती ना, म्हणाल्या. इतक्या सहज, की वेडी मीच वाटावी. सासरे साताऱ्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. खंडेनवमीला डेपोतल्या पान्यांना, जॅकना, गाडीच्या बोनेटला हळदकुंकू लावल्याशिवाय एक गाडी हलायची नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते. फक्त ते इथे येईल असं वाटलं नव्हतं.

"शस्त्राची पूजा करायची असते," त्या म्हणाल्या. "बंदूक तुझ्या कुलपात. हात लावला तर पोलिस नेतील. मग मी कशाची करणार होते?"

"पण खालून?"

"वरून लावलं असतं तर तू पुसलं असतंस."

"आणि खंडेनवमी एकच दिवस असते. हे रोज कशाला?"

"तुझं रोज बिघडत होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून रोज."

मी निधीला सोडायला जायची तेव्हा त्या वर जायच्या. मी संध्याकाळी 'नाही जमलं' म्हणायची आणि त्या दुसऱ्या दिवशी आणखी ओलं, आणखी भक्तीनं लावायच्या. मी वारा बंद करत होते, बॉयलर बंद करत होते, पोरीला एका पायावर उभी करत होते, आणि इकडे माझ्या यशासाठी माझ्याच पारड्याचं वजन वाढत होतं.

खरं सांगते, आता लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा नाही आलं. तेव्हा मी ओरडले. आठवडाभराची थंडी, पनीर, मॅल्कमचं ते सुंदर अक्षर, सगळं एकदम बाहेर पडलं. तुमच्यामुळे माझी टीम जाणार, म्हटलं. एक गोष्ट, जगात एकच गोष्ट माझी होती, तीसुद्धा तुम्हाला अंदाजानं करायची होती. जयंतभाई मोज्यांवरच हलकेच दाराकडे सरकले आणि बूट हातात घेऊन गेले. निधी स्टॅच्यूमधून बाहेर आली होती आणि आळीपाळीनं आम्हा दोघींकडे बघत होती.

सासूबाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर फ्रिजचं बटण चालू केलं. मग ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलं. मी पारडं पुसलं, घासलं, पुन्हा पुसलं. ते फडकं त्यांनी माझ्याकडून परत घेतलं, एका भांड्यात खळबळलं, आणि ते लाल पाणी मोरीत न ओतता मागच्या दारी जिरेनियमच्या कुंडीत नेऊन ओतलं. तुळस इथे थंडीनं कधीच गेली होती. खिडकीतून मला त्यांची कानटोपी दिसत होती. त्या कुंडीपाशी जरा वेळ तशाच वाकून राहिल्या.

शनिवारी दुपारी मी बसले. काटा शून्यावर. काडतुसामागून काडतूस, काटा शून्यावर. खाली बॉयलर धडधडत होता, फ्रिज गुरगुरत होता, वॉशिंग मशीन कपडे पिळताना विमानासारखं किंचाळत होतं, निधी शेजारच्या खोलीत पलंगावर उड्या मारत होती, मोबाइल वाजत होता. काटा ढिम्म. जयंतभाईंची गोटीच जणू. इतकी सारखी पावडर मी आयुष्यात भरली नव्हती. बिचारा वारा, बिचारा फ्रिज, सगळ्यांवर उगाच आळ. दोष फक्त कुंकवाचा होता, आणि तो मी शोधून काढला होता. म्हणजे जयंतभाईंनी, पण घरात माझ्या.

रविवारी सगळेच निघालो. सासूबाईंनी यायला नको म्हणायला हवं होतं, त्या आल्या. डब्यात मेथीचे पराठे. रेंजवर आवाज मोठा म्हणून सगळ्यांना कानावर जाडजूड मफ लावावे लागतात. त्यांनी ते कानटोपीवरून लावले आणि घडीच्या खुर्चीत बसून वाऱ्याला तोंड दिलं. मॅल्कमनं त्यांना चहा आणून दिला. मला अजून त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती, पण आज जिंकले की सगळं मिटेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मॅचच्या आधी मॅल्कमनं गोळीचा वेग मोजायचं यंत्र काढलं. माझी काही काडतुसं त्यावरून झाडून बघितली. आकडे बघून त्याच्या भुवया वर गेल्या. एकाला एक जुळे भाऊ. ब्यूटिफुल, तो म्हणाला, आणि दुसऱ्या क्लबाच्या माणसालाही बोलावून दाखवलं. मी सुश्रुतकडे असं बघितलं, की त्यानं टाळ्या वाजवायला हात वर केले आणि आजूबाजूची शांतता बघून खाली घेतले.

मग मॅच सुरू झाली. मी पालथी पडले. सहाशे यार्ड.

पहिली गोळी वर गेली. दुसरी खाली. तिसरी वर. मी झाडत राहिले आणि तिकडे कागदावर सरावातली तीच शिडी पायरी पायरीनं तयार होत गेली. किंचित जास्त उंच, बस. डावी-उजवीकडे आताही काही चूक नाही. कुंकू नव्हतं, फ्रिज नव्हता, घर खचत नव्हतं.

आमची टीम हरली. किती गुणांनी, ते सांगत नाही. मी जेवढे घालवले, तेवढ्यांनीच.

मॅल्कम दुर्बिणीपासून बाजूला झाला. माझ्या शेजारी गवतावर बसला. स्वतःचे गुडघे चोळत राहिला.

"पावडर उत्तम आहे, कल्याणी," तो म्हणाला. "अगदी उत्तम."

आणि गप्प बसला. डेंटिस्ट म्हणतो ना, की तुमच्या दातांत काहीच दोष नाही, आणि मग पुढे काही बोलत नाही, तसा. मीच विचारलं म्हणून त्यानं फार हळुवारपणे सांगितलं, की चाप ओढताना तू श्वास धरत नाहीस, सोडतेस. छाती खाली बसते, नळी वर जाते. कधी उलटं. सरावातही तेच होत होतं बहुतेक, पण मला वाटलं पावडर असेल. सॉरी. पुढच्या मॅचला तू स्कोअर लिहिशील का?

मी म्हटलं, लिहीन. माझं अक्षर चांगलं आहे.

परतीच्या वाटेवर गाडीत सुश्रुतनं एकदा "मूळ कारण" एवढे शब्द उच्चारले, मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं वायपर लावले. पाऊस नव्हता. मागच्या सीटवरून सासूबाईंनी पराठ्याची गुंडाळी करून माझ्या खांद्यावरून पुढे दिली.

"हवा फार होती आज," त्या म्हणाल्या. "त्या हवेत काय होणार?"

वाऱ्यानं गोळी डावीकडे-उजवीकडे जाते, वर-खाली नाही. हे मला माहीत होतं. मी पराठा घेतला आणि म्हटलं, हो आई, हवाच होती. पराठ्यात मीठ जास्त झालं होतं. मी सगळा खाल्ला. त्यांना सॉरी म्हणायचं होतं, शब्दही तयार होता, पण पराठ्यामागून तो काही बाहेर येईना.

निधी इतका वेळ तिच्या कारसीटमध्ये बसून बोटांनी काहीतरी हिशेब करत होती. ती नर्सरीत इंग्रजी बोलते आणि आमच्याशी तिचं स्वतःचं मराठी.

"आई, पावडर चांगला होता?"

"हो गं राणी. चांगली होती."

"मॅल्कम म्हणाला, ब्यूटिफुल?"

"हो."

"म्हणजे आजीनं काही खराब नाही केला?"

सुश्रुतनं आरशातून माझ्याकडे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या, जणू त्यांना क्रॉयडनची सगळी झाडं मोजायची होती.

"नाही," मी म्हटलं.

निधीनं बोटं मिटली आणि मान पुढे काढली.

"मग तू आजीला दिलेली ओरडा, ती आता कोणाला द्यायची?"